डाव्या तोंडाचा घोंगा

तुमचे सगळे घोंगे, शंख-शिंपले धुऊन निघाले. आधी हीच बातमी सांगते, कारण तुम्ही असता तर दुसरं काही विचारायच्या आधी हेच विचारलं असतं. मी कशी आहे, आई जेवल्या का, गाय व्याली का, ते सगळं मागून. तर धुतले ते तुमच्या आईनं. राख लावून, नारळाच्या शेंडीनं घासून, पुन्हा पुन्हा पाण्यातून काढून. इतके लख्ख तर तुम्हीही कधी केले नव्हते. आणि परडीपरडीत ठेवलेल्या तुमच्या चिठ्ठ्या त्याच पाण्याबरोबर मोरीतून केळीच्या आळ्यात गेल्या.

सुतक फिटायच्या दिवशीची गोष्ट. घर सारवायचं, भांडी घासायची, गोधड्या खाली नेऊन धुवायच्या, सगळं चाललं होतं. मी मागच्या अंगणात दवनीवाड्याहून आलेल्या बायकांत बसले होते. बसवलं होतं म्हणा. विहिरीकडून खडखड ऐकू येत होती, मला वाटलं कोणी तांब्या-पेले घासून राहिलं. उठून बघते तर आई पदर खोचून बसलेल्या आणि पुढ्यात ढीग. मोठे शंख एकीकडं, मधले एकीकडं, बारके सुपात. भांडी लावतो तसे लावलेले. शिंपले तर ताटल्यांसारखे एकात एक बसवून ठेवले होते.

मी ओरडले. तुम्ही गेल्यापासून माझ्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, तो निघाला तो असा. "आई, काय केलं हो तुम्ही हे?" सगळ्या बायका बघायला लागल्या. आईंनी हातातला शिंपला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काऊन? विटाळाच्या खोलीतलं सामान हाय. भांडे धुतले, गोधड्या धुतल्या, मंग हेच तसंच ठेवू काय? माह्या लेकाचं नोहोय काय हे?"

इतकी वर्षं त्या या सगळ्याला 'हाडकं' म्हणायच्या. मास्तरची हाडकं. पाहुणे आले की परड्यांवर लुगडं टाकून झाकायच्या. आणि तुम्ही गेल्यावर ते तुमचं सामान झालं, घरातल्या लोट्या-थाळ्यांच्या बरोबरीचं. मी आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. राग आईंवर होता की तुमच्यावर, तेही मला समजत नव्हतं. तुमच्यावरच असावा. दाखवतो म्हणाला होतात आणि न दाखवता गेलात.

चिठ्ठ्या गेल्या त्याचं मला एवढं नाही. कोण कुठं राहायचं ते मला पाठ आहे. तुम्हीच करून घेतलंत पाठ. शाळेतून मुर्रीच्या वाटेनं घरी यायचात तेव्हा टोपीत नाहीतर खिशात काहीतरी वळवळत असायचं, आणि चहाच्या आधी त्याची जागा ठरायची. भिंतीच्या फळीवर ओळीनं परड्या, सगळ्या बिनकण्याच्या जिवांच्या. मऊ अंगाच्यांची परडी सगळ्यांत मोठी, तीत घोंगे, शिंपले आणि ती पावसाळ्यात भिंतीवर चढणारी बिनशंखाची गोगलगाय, बाटलीत घालून. मग अंगावर वेढे असणाऱ्यांच्या बाटल्या, गांडूळ आणि जळू. मग पायांना सांधे असणाऱ्यांचं खटलं: खेकडा, झिंगा, कोळी, गोम, विंचू, लाखेचा किडा, कोशाचा पतंग. शेवटी तलावातल्या बुडालेल्या काडीवरचा तो हिरवट स्पंज. तो प्राणी आहे हे आईंना पटवता पटवता तुम्ही एकदा जेवायचे राहिलात.

आणि एक परडी रिकामी. काटेरी कातडीच्यांची, समुद्रातल्या ताऱ्यांची. समुद्र तुम्ही पाहिला नव्हता, मीही नाही. "असू दे जागा," तुम्ही म्हणायचात, "आज ना उद्या जाऊ. तेव्हा कुठं ठेवू म्हणून शोधाशोध नको." आईंनी त्या परडीत लसूण ठेवला होता, आठवतं? तुम्ही रागावला नाहीत. लसूण काढून आईंच्या हातात दिलात आणि म्हणालात, "माय, याले कणा नाही हे खरं, पण हा त्यातला नोहोय." आईंना काही समजलं नाही, पण हसू आलं. मलाही आता लिहिताना आलं, आणि लगेच डोळे भरले. असंच चाललंय सध्या.

मी तुमच्याशी भांडायचे, ते मला आवडायचं म्हणून. शाळेत तुमच्यापुढं कोणी बोलायचं नाही, मग घरी तरी कोणी बोलायला नको का? कणा असलेले मूठभर आणि नसलेले अख्ख्या जगभर, मग नाव त्या मूठभरांवरून का, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही हातातली बशी खाली ठेवलीत. बिनशंखाच्या गोगलगायीवरून तर आपण अख्खा श्रावण भांडलो. शंख नाही, शिंपला नाही, मग ती शिंपल्याच्या परडीत कायले, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "अवो, आतून पाह्य ना. अंग तेच, पाय तोच, जीभ तीच खरखरीत. घर मोडलं म्हणून माणूस घरातून काढत नाहीत." ते मात्र मला पटलं. माझ्या कोहमाऱ्याच्या काकूला तिच्या सासरच्यांनी घरातून काढलं होतं, तेव्हा मी हेच वाक्य तिला सांगितलं, गोगलगायीचं नाव न घेता.

पण आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. तेच तर घेऊन बसले आहे.

मी डावखुरी. लग्नाआधी तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आईंना पहिल्याच पंगतीत दिसलं. "काऊन वं, उजवा हात मोडला काय तुहा? डाव्यानं वाढून रायली." सगळी पंगत थांबली. मी पळी उजव्या हातात घेतली आणि भात भलतीकडंच पडला. तेव्हा तुम्ही काय केलंत, तर गुपचूप डाव्या हातानं जेवायला लागलात. पहिल्याच घासाला वरण धोतरावर, दुसऱ्याला मांडीवर. आई डोक्यावर हात मारून हसायला लागल्या आणि माझ्यावरचं लक्ष उडालं. मला वाटलं हा माणूस खुळा आहे. मग वाटलं, बरं झालं.

त्यानंतर मी उजव्या हाताची झाले, लोकांदेखत. वाढणं उजव्यानं, हळद-कुंकू उजव्यानं. धानाच्या रोवणीला मात्र जमेना. सगळ्या बायका पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी डाव्या हातात धरून उजव्यानं रोवत मागं सरकतात आणि मी उलटी, त्यामुळं शेजारणीचा कोपर आणि माझा कोपर आदळायचा. शेवटी मला बांधीच्या टोकाला उभं करायला लागले, एकटीला. तुम्ही मला लिहायला शिकवलंत तेव्हा आई म्हणाल्या होत्या, लेखणी म्हणजे सरस्वती, ती डाव्या हातात द्यायची नाही. मग त्या घरी असल्या की मी उजव्यानं लिहायचे, मुंग्या चालल्यासारखं. त्या कीर्तनाला गेल्या की डाव्यानं. तुम्ही दोन्ही अक्षरं बघायचात.

आणि तो घोंगा मला सापडला तोही त्या टोकालाच, दवनीवाड्याच्या आपल्या बांधीत. पायाला लागला म्हणून उचलला. रिकामा होता, चांगला मुठीएवढा. तुम्ही बांधावर उभे होतात. मी तसाच तुमच्याकडं टाकला. शेंडी वर, तोंड आपल्याकडं, हे तुम्ही सगळ्या पोरांना शिकवायचात तसा तुम्ही तो धरलात आणि धरूनच राहिलात. शंखाचं तोंड उजवीकडं येतं. सगळ्या घोंग्यांचं येतं. याचं डावीकडं होतं.

"हा वेगळाच हाय," तुम्ही म्हणालात.

"वेगळा कायले? डावखुरा हाय," मी म्हटलं.

झालं. ते जे सुरू झालं ते तुम्ही अंथरुणाला लागेपर्यंत. तुमचं म्हणणं, तळ्यात चकतीसारखे चपटे शंख असतात, त्यांची अख्खी जातच डावी असते, मग हाही कशावरून दुसऱ्या जातीचा नसेल? माझं म्हणणं, रंग तोच, पट्टे तेच, जाडी तीच, बांधीही तीच, मग एकट्यालाच जातीबाहेर काढायची एवढी घाई कशाला? तुम्ही म्हणायचात, दुसरा सापडू दे. एक म्हणजे चूक असू शकते, पुष्कळ असले तर जात. तोवर तो एका डबीच्या झाकणात राहील, ना परडीत ना बाहेर. आणि तसा तो राहिला.

मग तुम्ही दुसऱ्याच्या मागं लागलात. उन्हाळ्यात तळी-बोड्या आटल्या की धोतर वर बांधून चिखलात. बाया पाणी भरता भरता विचारायच्या, "मास्तर, भेटला का जी तुमचा डावा?" तुम्हीही त्यांना अगदी मन लावून सांगायचात की अजून नाही. आई कपाळाला हात लावायच्या. उजवे मिळाले पायलीभर, डावा एकही नाही. दर वर्षी तुम्ही रिकाम्या हातानं यायचात आणि मला आतून बरं वाटायचं, आणि लगेच तुमचा चेहरा बघून वाईटही.

एकदा मी फटकन बोलले. "तुम्हाला तो वेगळाच हवा आहे. मी आयुष्यभर वेगळी म्हणून बांधीच्या टोकाला उभी राहिले, आता त्या बिचाऱ्यालाही ठेवा झाकणात." तुम्ही म्हणालात, "वेगळी जात निघाली तर नवं नाव द्यावं लागते. सापडला ज्याले, त्याचं नाव देता येते. मी तुहं नाव ठरवलं होतं."

मला ते आधी माहीतच नव्हतं. तुम्ही माझं नाव कधी मोठ्यानं घेतलं नाहीत, चारचौघांत तर नाहीच, आणि ते तुम्ही जगाच्या यादीत लिहायला निघाला होतात. मी त्यावर काय म्हटलं, तर चहा थंड होऊन राहिला म्हटलं. मला वेगळेपणाचा मान नको होता हो, मला परडीत बसायचं होतं. आणि तुम्हाला वाटायचं, परडी काय, कोणालाही मिळते. दोघांचंही प्रेमच होतं ते, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी माघार घेतली नाही. तुम्हीही घेतली नाहीत.

मग तो ताप. कडुनिंब झाला, कोयनेल झालं, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. तुम्ही त्या खोलीतच पडून असायचात, परड्यांकडं बघत. मधे एक दिवस बरा गेला. मी पेज घेऊन आले तर तुम्ही उठून बसलेले, अंगभर घाम, आणि चेहरा मात्र शाळा सुटायची घंटा झाल्यासारखा. म्हणालात, "मी ठरवलं. तुह्या घोंग्याले त्याच्या जाग्यावर ठेवून देलो. आता पाहू नको. मी उठलो का दाखवतो." मी मागं वळून बघणार होते, तर तुम्ही माझा हात धरलात. डावा. म्हणालात, "आता नको म्हटलं ना." मी नाही पाहिलं. तुमचा शब्द एवढा ऐकायची मला कधी सवय नव्हती, नेमका तेव्हाच ऐकला.

ताप त्याच संध्याकाळी चढला.

आता समजलं ना मी का ओरडले ते? खोली धुतली, परड्या धुतल्या, झाकण घासून मांडणीवर लावलं. घोंगा मोठ्यांच्या ढिगात होता, तो मी लगेच ओळखला. पण तुम्ही ठेवला होता कुठं? माझं नाव द्यायचं ठरवून झाकणातच राहू दिला होतात, की माझं ऐकून परडीत टाकला होतात? मला मोठ्ठं काही नको होतं. एवढंच बघायचं होतं. तेवढं पाहिलं असतं तर उरलेलं आयुष्य मी त्यावर काढलं असतं.

आईंना विचारलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आई, हा कुठून उचलला तुम्ही, झाकणातून की परडीतून? "मले का मालूम बाई. म्या त ओंजळीनं भरले." मग दुपारी पुन्हा. मग सकाळी पुन्हा. शेवटी त्या रडायलाच लागल्या. "म्या काय मुद्दाम केलं वं? मले वाटलं, त्याचं आहे तर साजरं दिसलं पाहिजे." पोर गेलेल्या बाईला मी घोंग्यासाठी रडवलं. नंतर मी विचारलं नाही. पण झोप काही येत नव्हती.

तुमच्या हेडमास्तरांचा निरोप आला. शाळेत कपाट रिकामं केलंय, तुम्ही कबूल केल्याप्रमाणं परड्या पाठवाव्या, गाडी येईल. म्हणजे लावणं आलं. काल दुपारी दारापुढच्या सपरीत सुपं मांडून बसले. थोड्या वेळानं आई येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "सांग मले. म्या बिघडवलं त मीच लावतो." त्यांना दिसतं कमी, पण हाताला सगळं लागतं. मी सांगितलं, शेंडी वर, तोंड आपल्याकडं. तुमच्याच शब्दांत सांगितलं, तेही तुमच्यासारखं थांबून थांबून. त्यांच्या लक्षात आलं असावं.

मग सुरू झालं. हे पातळ, हे जाड. हे लांबट, शेंडी मोडकी. शिंपल्यांना आतून मोत्यासारखी चकाकी, बाहेरून काळे. चपट्या चकत्या निराळ्या. आई मन लावून करत होत्या, निवडायला घेतलेल्या तांदळासारखं. बिनशंखाच्या गोगलगायीची बाटली त्यांनी बाजूला ठेवली, तेव्हा मी म्हटलं, तीही यातच. "काऊन? तिले त घर नाही." मी तुमचं वाक्य सांगितलं. आईंनी बाटली उचलून परडीत ठेवली आणि म्हणाल्या, "तो असंच बोले."

मोठे घोंगे शेवटी घेतले. आई एकेक चाचपत होत्या आणि टाकत होत्या. तोंड इकडं, तोंड इकडं, तोंड इकडं. मग हात थांबला. त्यांनी तो पुन्हा फिरवला, शेंडी वर केली, अंगठा घातला, डोळ्यांजवळ नेला.

"हाच काय तो? याच्यासाठी चिखलात हिंडे?"

"हो," मी म्हटलं. झाकण मी जवळच ठेवलं होतं, मांडणीवरून काढून. ठरलं नव्हतं माझं.

आईंनी तो घोंगा दुसऱ्या एकाजवळ धरला. नखानं पट्टे मोजल्यासारखं केलं. "बाकी सारं त तसंच हाय," म्हणाल्या. "तोंड तेवढं तिकडं. रायते एखांदं घरात." आणि तो त्यांनी परडीत टाकला, बाकीच्यांत, आणि पुढचा हातात घेतला.

गायीनं हंबरडा फोडला तेव्हा भानावर आले. तुम्ही कुठं ठेवला होतात ते मला आता कळायचं नाही, आणि तुम्हालाही हे कळायचं नाही की जिनं मला पहिल्या पंगतीत थांबवलं, तिच्याच हातानं तो आत गेला. तुम्ही असता तर वाद घातला असतात, दुसरा सापडू दे म्हणाला असतात. घाला की. या आणि घाला.

माझं नाव कुठं लागणार नाही आता. चालेल मला. तुम्ही ते ठरवलं होतंत, एवढं मला पुरतं.

मग चिठ्ठ्या राहिल्या. मी कागद कापले, दौत काढली, ती नेहमीसारखी उजवीकडं ठेवली आणि लेखणी उजव्या हातात धरली. आई समोरच होत्या ना. पहिल्याच अक्षराला टाक अडखळला. आई बघत होत्या. त्यांनी हात लांब केला, दौत उचलली आणि माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवली. पुन्हा सुपाकडं वळल्या.

"लिह," म्हणाल्या, "गाडीवाला येऊन रायला असन."

मी लिहिलं. सगळ्या परड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, रिकाम्या परडीचीही. अक्षर चांगलं आलंय, बरं का.